उपयोग दिसत नाही

सुमारे तीस वर्षांपूर्वी मी एका तालुक्याच्या गावी सरकारी सेवेत होतो. मार्च महिन्याचा उत्तरार्ध होता आणि वर्षअखेरच्या हिशेबांनी टेबल भरून गेले होते. अशा वेळी एक निवृत्त कन्नड शाळामास्तर अर्ज घेऊन आले. अर्जासोबत दोनशे पानांची एक हाती लिहिलेली वही होती. ती छापून तालुक्यातील शाळांना वाटण्यासाठी काही हजार रुपयांचे साहाय्य मिळावे, एवढीच त्यांची मागणी. वहीत काय आहे, असे मी विचारले तेव्हा त्यांनी पहिले पान उघडून माझ्यासमोर धरले आणि म्हणाले, "नोड्री, साहेब्रे." पानाच्या मध्यभागी मोठ्या अक्षरांत एक वजाबाकी होती: ७६४१ वजा १४६७, बरोबर ६१७४. पुढची सगळी पाने अशाच वजाबाक्यांनी भरलेली दिसत होती. मी अर्ज ठेवून घेतला आणि सायंकाळी त्यावर कन्नडमध्ये शेरा लिहिला. त्याचा मराठी आशय असा: 'नियमांत अशा साहाय्याची तरतूद नाही. शिवाय यातून लोकांस काही उपयोग दिसत नाही. दप्तरी दाखल.'

शेऱ्यातील पहिले वाक्य आजही बरोबर आहे. नियमांत तरतूद नव्हतीच, आणि सार्वजनिक पैशाचा विनियोग अधिकाऱ्याच्या आवडीनिवडीवर होऊ नये, हे मत सेवेतून निवृत्त झाल्यावरही बदललेले नाही. प्रश्न आहे तो दुसऱ्या वाक्याचा. ते लिहिण्याची काही गरज नव्हती. पहिल्या वाक्याने काम भागत होते. तरीही ते लिहिले गेले, आणि तेही गणित हा विषय घेऊन पदवीधर झालेल्या माणसाकडून! त्या वजाबाकीचे मूळ देवळालीच्या एका शाळाशिक्षकापर्यंत जाते, हे मला पुढे काही वर्षांनी समजले. तेव्हापासून हे दुसरे वाक्य मनातून जात नाही. 'उपयोग' या शब्दाने आपण नेमके काय मोजतो, आणि ते मोजण्याचा अधिकार कोणाचा, हा विचार या लेखात करावयाचा आहे. त्यासाठी आधी ती वजाबाकी समजून घेणे आवश्यक आहे. वाचकांनी कृपया कागद-पेन्सिल जवळ घ्यावी.

कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. चारही अंक सारखे नसावेत, एवढीच अट. ते अंक उतरत्या क्रमाने मांडून मोठ्यात मोठी संख्या करावी, चढत्या क्रमाने मांडून लहानात लहान करावी, आणि मोठीतून लहान वजा करावी. उत्तरातील अंकांवर पुन्हा हीच क्रिया करावी. उत्तर तीन अंकी आले तर पुढे शून्य धरून चार अंक पुरे करावेत. आपल्या भागाला जिव्हाळ्याचे, किंवा जिव्हारी लागलेले म्हणा, असे एक साल घेऊ. १९५६ च्या १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली आणि धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. १९५६ चे अंक मांडले असता ९६५१ वजा १५६९ म्हणजे ८०८२. मग ८८२० वजा ०२८८ म्हणजे ८५३२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आता ६१७४ वरच हा प्रयोग केला तर ७६४१ वजा १४६७, म्हणजे पुन्हा ६१७४. येथून सुटका नाही. म्हैसूर राज्याचे कर्नाटक झाले ते १९७३ साली. ते साल घेतले तर दुसऱ्याच पायरीला ६१७४ हाती लागते. कोणतीही संख्या घ्या, फार तर सात पायऱ्यांत तुम्ही याच मुक्कामी येऊन पोहोचता.

हा गुणधर्म दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी शोधून १९४९ साली मांडला आणि १९५५ साली न्यूयॉर्कच्या 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या नियतकालिकात त्यावर त्यांचे टिपण आले. कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूस झाला. शालेय शिक्षण ठाण्यास, पुढे पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय. १९२७ साली विद्यार्थी असतानाच त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. पदव्युत्तर शिक्षण मात्र झाले नाही. १९३० ते १९६२ पर्यंत ते देवळालीस शाळेत शिकवीत राहिले. निवृत्तिवेतनात भागेना म्हणून शिकवण्याही कराव्या लागल्या. शोधांच्या पुस्तिका ते स्वतःच छापीत आणि परिषदांना पदरमोड करून जात. तेथे विद्यापीठांतील मंडळी त्यांना फारसे मनावर घेत नसत. अंकांचे खेळ करणारा मास्तर, एवढीच संभावना. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले, तेव्हा जगभरच्या वाचकांना हे नाव ठाऊक झाले. त्या वेळी कापरेकर सत्तरीचे होते. १९८६ साली देवळालीतच त्यांचे निधन झाले. (त्यांचे जन्मसाल १९०५ घेऊन कोणी वजाबाक्या केल्या तर ६१७४ पर्यंत पोहोचण्यास बरोबर सात पायऱ्या लागतात, म्हणजे लागू शकतात तितक्या जास्तीत जास्त. यात काही अर्थ नाही, पण करून पाहण्यास गंमत वाटते.)

या एका संख्येवर ते थांबले नव्हते. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने नि:शेष भाग जातो, तिला त्यांनी 'हर्षद' म्हटले, हर्ष देणारी. योगायोग असा की, ६१७४ स्वतः हर्षद आहे: सहा, एक, सात, चार यांची बेरीज १८, आणि ६१७४ भागिले १८ म्हणजे ३४३. हे ३४३ पुन्हा साताचा घन. दुसऱ्या प्रकारच्या संख्यांना त्यांनी 'स्वयंभू' म्हटले. एखाद्या संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते. पंधरात एक आणि पाच मिळवले की एकवीस, म्हणजे एकवीसचा जनक पंधरा. पण वीसला असा जनक कोठेच सापडत नाही. म्हणून वीस स्वयंभू. नावे ठेवण्यातली ही रसिकता पाहिली म्हणजे मास्तर संस्कृत चांगले शिकले असावेत, असे वाटते. परदेशांत पुढे याच संख्या इतरांच्या लक्षात आल्या आणि तिकडे हर्षद संख्यांना 'निव्हेन' व स्वयंभू संख्यांना 'कोलंबियन' अशीही नावे पडली. ज्या संख्येच्या वर्गाचे दोन तुकडे करून बेरीज केली असता मूळ संख्या परत येते, त्या जातीला मात्र 'कापरेकर संख्या' हेच नाव सर्वत्र चालते. ४५ चा वर्ग २०२५, आणि वीस व पंचवीस मिळून पंचेचाळीस. इ. स. २०२५ हे साल त्यामुळे गणिताच्या मास्तरांना वर्षभर पुरले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हे सगळे खरे आहे, यात शंका नाही. पण ते जाणण्याजोगे आहे काय? या प्रश्नावर सर्वांत कठोर उत्तर देणारा माणूस कारकून नव्हता, शुद्ध गणिताचा विसाव्या शतकातील एक थोर उपासक होता. रामानुजनांना केंब्रिजला नेणारे जी. एच. हार्डी यांनी १९४० साली 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी' हे लहानसे पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी ८७१२ आणि ९८०१ या संख्यांचे उदाहरण घेतले आहे. ८७१२ ही उलट्या अंकांच्या २१७८ ची चौपट, आणि ९८०१ ही १०८९ ची नऊपट. शिवाय १५३, ३७०, ३७१ व ४०७ या चार संख्या आपल्या अंकांच्या घनांच्या बेरजेइतक्या आहेत. हार्डींचा निर्वाळा असा की, ही सत्ये वर्तमानपत्रांच्या कोड्यांच्या सदरांत शोभतील. गणितज्ञाने त्यांकडे वळावे असे त्यांत काही नाही. ती खोल नाहीत, त्यांतून दुसरे काही निघत नाही. कापरेकरांचे नाव हार्डींच्या पुस्तकात नाही, असणे शक्यही नव्हते. पण त्यांच्या बहुतेक आयुष्यभराच्या कामावर हा निकाल आधीच लागून गेला होता.

गंमत अशी की, हेच हार्डी त्याच पुस्तकात आपण आयुष्यात काहीही उपयोगी केले नाही, असे ताठ मानेने सांगतात. त्यांच्या लेखी निरुपयोग हा दोष नव्हताच. म्हणजे माझ्या शेऱ्याने आणि हार्डींच्या निर्वाळ्याने दोन वेगवेगळ्या तागड्यांत एकच वस्तू तोलली आणि दोघांनाही ती हलकी भरली. एकाने विचारले, हिचा लोकांना उपयोग काय? दुसऱ्याने विचारले, हिच्यात खोली किती?

पहिल्या तागडीविषयी नेहमीचा बचाव सर्वांना पाठ आहे: आज निरुपयोगी वाटणारे उद्या उपयोगी ठरते. हार्डींच्याच बाबतीत तसे झाले. १९०८ साली त्यांनी सहज लिहिलेल्या एका पत्रातला नियम आज आनुवंशिकीच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात हार्डी-वाइनबर्ग नियम म्हणून आहे. आणि ज्या अंकशास्त्राच्या निरुपयोगाचा त्यांना अभिमान होता, त्याच्यावर १९७७ नंतर गुप्त संदेशांची व बँकांच्या व्यवहारांची कुलपे उभी राहिली. परंतु हा बचाव मला उधारीचा वाटतो. तो मान्य केला तर मोल ठरते ते उपयोगानेच. फक्त हप्ता पुढे ढकलला जातो. ६१७४ चा उद्या काही उपयोग होईल, अशी मला तरी आशा नाही, आणि कापरेकरांचा मान राखण्यासाठी तशी आशा धरावी लागावी, हेच मुळी बरे वाटत नाही.

दुसरी तागडी अधिक अवघड आहे. ६१७४ चा गुणधर्म का आहे, याचे उत्तर शोधू लागलो की हार्डींचे म्हणणे समजते. चार अंक उतरत्या क्रमाने घेतले, पहिला व चौथा यांतील फरक आणि दुसरा व तिसरा यांतील फरक काढला, तर वजाबाकीचे उत्तर या दोन फरकांवरूनच ठरते: पहिल्या फरकाला ९९९ ने गुणावे, दुसऱ्याला ९० ने, आणि बेरीज करावी. ६१७४ मध्ये फरक सहा आणि दोन. ५९९४ आणि १८० मिळून ६१७४. आता पहिला फरक एक ते नऊ यांपैकी काहीही असेल, आणि दुसरा शून्यापासून पहिल्याइतका. एकंदर जोड्या होतात फक्त ५४. म्हणजे सारखे अंक सोडून उरलेल्या ८,९९१ चार अंकी संख्या पहिल्याच पायरीवर ५४ दारांतून आत शिरतात. त्या ५४ दारांपैकी प्रत्येकातून पुढे चालत जाऊन पाहिले की सर्व वाटा ६१७४ ला मिळतात. झाली सिद्धता. पण ही सिद्धता कसली? हा तर पंचनामा झाला! घरोघर जाऊन मोजले, अपवाद आढळला नाही, सबब सही. 'आहे' एवढे सिद्ध झाले. 'का' ते कळले नाही, कारण बहुधा या 'का'ला उत्तरच नाही. तीन अंकी संख्यांत असाच एक मुक्काम आहे, ४९५. पण दोन अंकी संख्यांत मुक्काम नाही. तेथे नऊ, एक्याऐंशी, त्रेसष्ट, सत्तावीस, पंचेचाळीस आणि पुन्हा नऊ असे चक्र फिरत राहते. पाच अंकी संख्यांत तीन वेगवेगळी वर्तुळे आहेत. त्यांतले सर्वांत लहान दोन संख्यांचे: ५३९५५ वरून ५९९९४, आणि तेथून पुन्हा ५३९५५. सहा अंकांत पुन्हा दोन मुक्काम निघतात आणि शिवाय एक चक्र. एखाद्या नियमाची लय कोठे सापडत नाही.

याहून मूलभूत आक्षेप पुढेच आहे. आपल्या हुबळी-धारवाडकरांना तो समजणे सोपे आहे, कारण आपण एकच संख्या तीन प्रकारच्या अंकांत वाचत वाढलो. बसच्या पाटीवर कन्नड अंक, घरच्या पंचांगात देवनागरी, बँकेच्या पुस्तकात इंग्रजी. लिपी बदलल्याने ६१७४ चे काही बिघडत नाही. तो नुसता पोशाख. परंतु त्याखाली आणखी एक थर आहे, आणि तो आपल्या दहा बोटांचा. आपण दहांच्या पटीत मोजतो म्हणून सहा हजार एकशे चौऱ्याहत्तर हे सहा, एक, सात, चार असे लिहिले जाते. माणसाला आठच बोटे असती आणि तो आठांच्या पटीत मोजू लागला असता, तर तेवढ्याच वस्तूंची रास त्याने १४०३६ अशी लिहिली असती. पाच अंक! सारी किमया नाहीशी. इतकेच नव्हे, तर आठांच्या पद्धतीत चार अंकांची एकही संख्या अशी नाही की जी या वजाबाकीतून जशीच्या तशी बाहेर पडेल. मी सर्व शक्यता तपासून पाहिल्या आहेत. निवृत्तीनंतर वेळ असतो. पाचांच्या पद्धतीत मात्र एक सापडते, ३०३२. परंतु ती रास दहांच्या पद्धतीतील ३९२ एवढी, आपल्या ६१७४ शी तिचा संबंध नाही. उलट ६१७४ म्हणजे दोन, तिनाचा वर्ग आणि साताचा घन यांचा गुणाकार, किंवा अठराचा घन, अठराचा वर्ग आणि अठरा यांची बेरीज, हे कितीही बोटांच्या माणसाला खरे आहे. रामानुजनांचे १७२९ दोन प्रकारे दोन घनांची बेरीज होते, तेही तसेच. तेव्हा आक्षेप असा: कापरेकरांना सापडले ते संख्येचे सत्य नव्हे, संख्या लिहिण्याच्या आपल्या सवयीचे सत्य. आणि सवयीच्या सत्यासाठी आयुष्य खर्चावे काय?

पुष्कळ दिवस मला हा आक्षेप बिनतोड वाटत होता. तो सैल झाला तो गणितामुळे नव्हे, भाषेमुळे.

आपण सारी दोन भाषांच्या उंबरठ्यावर राहणारी माणसे. पेशवाईत, पुढे कचेऱ्यांत, शाळांत, रेल्वेत चाकरीनिमित्त आपले पूर्वज इकडे आले आणि घरची मराठी कन्नडच्या शेजारी राहून वेगळीच गोड झाली. श्लेष ही काय वस्तू आहे, हे आपल्याला रोजच्या अनुभवाने ठाऊक आहे. घरात केलेला एखादा मराठी श्लेष शेजारच्या कन्नड गृहस्थांना समजावून सांगू गेलो की तो हातात मरतो. त्यांचा कन्नड श्लेष आपल्याकडे येताना मरतो. म्हणून श्लेष खोटा असतो काय? दोन अर्थ एका शब्दात खरोखरच राहत असतात. ते कोणी ठराव करून आणलेले नसतात. मोरोपंतांची यमके इंग्रजीत उरत नाहीत, म्हणून ती मराठीतही नाहीत, असे कोणी म्हणणार नाही. ६१७४ हा दशमान भाषेतील श्लेष आहे. भाषा माणसाने केलेली, पण श्लेष त्याने केलेला नाही. तो तिच्या पोटात आधीपासून होता, सापडण्याची वाट पाहत. दहांच्या पटीत मोजण्याचा संकेत मान्य करताच ६१७४ अटळ होते. शासन मोजमापे बदलते. १ एप्रिल १९५७ रोजी आणे गेले आणि नवे पैसे आले. सीमा तर १९५६ साली एका रात्रीत बदलल्या. सेवेत असताना एकराचे चाळीस गुंठे आणि गुंठ्याचे सोळा आणे मी हजारो उताऱ्यांवर पाहिले. त्यामागे कोठेतरी कोणाची तरी सही होती आणि ती बदलणारी दुसरी सहीही संभवते. ६१७४ च्या मागे कोणाचीच सही नाही. संकेत माणसाचा आणि त्यातून निघालेली अपरिहार्यता मात्र कोणाच्याही हुकमाबाहेरची, हे नीट ध्यानात घेतले तर 'नुसती सवय' हा शब्द अपुरा पडतो.

शिवाय लिहिण्याचे सत्य आणि संख्येचे सत्य यांतील सीमारेषा आक्षेपक समजतात तितकी सरळ नाही. आपल्या कर्नाटकातलेच उदाहरण घ्या. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष नृपतुंग याच्या काळात, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' लिहिला. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड. त्या ग्रंथात एकापासून सहापर्यंत चढत जाऊन पुन्हा एकापर्यंत उतरणारी संख्या येते: १२३४५६५४३२१. ही १११११११ ची नव्हे, सहा एकांची, म्हणजे १११११ च्या पुढे आणखी एक एक लिहून होणाऱ्या १११,१११ ची वर्गसंख्या. अकरा शतकांनंतर कापरेकरांनी अशाच चढउताराच्या संख्यांचा अभ्यास केला आणि मुंबईजवळच्या डोंबिवली स्थानकाच्या त्या काळच्या नावावरून त्यांना 'डेम्लो संख्या' म्हटले. ही माळ दहा बोटांपुरती नाही. आठ बोटांच्या माणसानेही सहा एक लिहून त्याच्या रीतीने वर्ग केला तर त्याला हीच अंकमाळ मिळेल. म्हणजे अंकांच्या मांडणीतली काही सत्ये एका पद्धतीपुरती असतात, काही अनेक पद्धतींत टिकतात; आणि कोणते कोणत्या जातीचे, हे आधी कळत नाही. आधी कोणीतरी बसून मांडून पाहावे लागते. मग ते काम करणाऱ्याला दारातच परत पाठवणे कितपत योग्य?

येथे धारवाडकरांना दुसरे एक दत्तात्रेय रामचंद्र आठवल्यावाचून राहणार नाहीत. द. रा. बेंद्रे, कन्नडचे वरकवी, यांचे पूर्ण नावही तेच. जन्म १८९६, धारवाड, घरची भाषा मराठी, शिक्षण कापरेकरांप्रमाणेच पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये, पेशा शिक्षकाचा. 'नाकु तंती'साठी १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. उत्तरायुष्यात साधनकेरीच्या या कवीला संख्यांचा ध्यास लागला आणि ४४१ ही संख्या त्यांच्या चिंतनाच्या केंद्रस्थानी येऊन बसली. धारवाडात त्या काळी अनेकांनी हळहळून मान हलवली, कोणी आदराने, कोणी थट्टेने. ४४१ हा २१ चा वर्ग. उलटून लिहिले तर १४४, तो १२ चा वर्ग, आणि १२ हे २१ चे उलटे. (आठांच्या पद्धतीतही हे जसेच्या तसे खरे राहते, चारापेक्षा मोठ्या कोणत्याही पद्धतीत राहते.) परंतु बेंद्र्यांचा शोध वर्गापाशी थांबणारा नव्हता. त्यांना संख्येत विश्वाची खूण हवी होती.

या दोघांना शेजारी ठेवले म्हणजे एक भेद दिसतो, आणि माझ्या मते नैतिक प्रश्नाचे मर्म तेथे आहे. बेंद्र्यांना ४४१ मध्ये जे दिसले ते त्यांच्या डोळ्यांनीच दिसणारे होते. ते स्वीकारण्यासाठी बेंद्र्यांवर श्रद्धा हवी. मी ती कमी लेखीत नाही, कवीला तो अधिकार आहे. कापरेकरांच्या ६१७४ साठी कापरेकरांवर विश्वास ठेवण्याची गरजच नाही. पाचवीतल्या मुलाला वजाबाकी येत असली की झाले. तो मास्तरांना, महाविद्यालयाला, सरकारला कोणालाही न विचारता पडताळू शकतो. खोल सत्ये पडताळण्यास वर्षानुवर्षांचे शिक्षण लागते. १७२९ ची गोष्ट आपण ऐकतो, रामानुजनांचे उरलेले काम ऐकीव राहते. ज्याला स्वतः पडताळता येईल असे आणि तरीही चकित करणारे सत्य गरिबाच्या पोरालाही एकदा मिळावे, यात हार्डींच्या तागडीत न बसणारे काहीतरी आहे. त्याला मी 'उपयोग' म्हणणार नाही. तो शब्द मी पुरेसा वापरला आहे.

अर्थात हार्डींचे सर्वच खोडून काढता येत नाही. कापरेकरांची सगळी पाने सारख्या मोलाची नाहीत, आणि अंकांच्या गमती गोळा करण्याचे व्यसनही लागू शकते. शिक्षकाच्या पगारातून पुस्तिका छापणाऱ्याच्या घरात त्या पैशांची दुसरी गरज नव्हती, असे कोण म्हणेल? एखाद्याने आपल्या वाट्याच्या आयुष्याचे काय करावे, हे आपण बाहेरून ठरवू नये. पण त्याची किंमत त्याच्याबरोबर घरचेही मोजत असतात, हे विसरूनही चालणार नाही. याबाबत माझे मत अजून पक्के झालेले नाही.

आज तोच अर्ज समोर आला तर मी पहिले वाक्य तसेच लिहीन. दुसऱ्या वाक्याच्या जागी काय लिहावे, हे मात्र सुचत नाही. 'तपासून पाहिले, बरोबर आहे' एवढे लिहिता आले असते, पण त्यासाठी तपासावे लागले असते. मास्तर आठ दिवसांनी येऊन वही परत घेऊन गेले. शेरा वाचून त्यांनी काही म्हटले नाही. वही धोतराच्या सोग्याने पुसली आणि पिशवीत घातली. पाच अंकी संख्यांची ती तीन वर्तुळे त्यांना सापडली होती का, हे मला आज फार जाणून घ्यावेसे वाटते. दोनशे पाने होती, सापडली असणे अगदी शक्य आहे. मी पहिल्या पानापुढे वही उलटलीच नव्हती.